कर्ता पुरुष : पंडित सातवळेकर यांची शंभर वर्षे



शताब्दीनिमित्त योजलेल्या या व्याख्यानांत मी ‘कर्ता पुरुष’ या विषयावर बोलावे, अशी कार्यवाहांची इच्छा होती. विषय ऐकून प्रथम वाटले की, आपापल्या आजोबांच्या आठवणी सांगण्याचाच हा प्रसंग असावा. पहाटे उठणारे, स्नानसंध्या झाल्यावाचून तोंडात पाण्याचा थेंब न घालणारे, दिवसभर राबून दहाबारा माणसांचे घर चालविणारे आणि नव्वदीतही चष्मा सावरीत पोथी वाचणारे आजोबा हैदराबादेतल्या मराठी घरांना नवे नाहीत. त्यांच्याविषयी बोलताना आपण बहुधा त्यांचे वय सांगतो, त्यांची शिस्त सांगतो आणि तिथेच थांबतो. त्यांनी आयुष्यभर नेमके केले काय, हे सांगायचे राहून जाते. ‘कर्ता’ हा शब्द तर ‘कृ’ धातूपासूनच आलेला. वाक्यात क्रियापद नसेल तर कर्त्याला उभे राहायला जागाच उरत नाही.

म्हणून ज्याचे काम आजही हातात घेऊन पाहता येते, असा एक कर्ता पुरुष मी निवडला आहे. पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर. जन्म १९ सप्टेंबर १८६७ रोजी सावंतवाडीजवळच्या कोलगावात, मृत्यू ३१ जुलै १९६८ रोजी गुजरातेतल्या पारडी या गावी. म्हणजे शंभर वर्षे आणि दहा महिने. वेदांचे भाष्यकार, संहितांचे संपादक, ‘स्वाध्याय मंडळा’चे संस्थापक ही त्यांची ओळख सर्वत्र आहे. ते मुळात चित्रकार होते, हे मात्र पुष्कळांना सांगावे लागते. आणि ते काही वर्षे आपल्या हैदराबादचे रहिवासी होते, हे तर हैदराबादकरांनाही सांगावे लागते.

कोलगावचे हे घराणे वैदिक परंपरेतले. अशा घरात मुलाला अक्षरओळख होण्याच्या सुमारासच मंत्र कानावर पडत. श्रीपादरावांना मात्र ओढ लागली ती रेषेची. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते दाखल झाले, तेथे मेयो पदकाचे मानकरी झाले आणि पुढे त्याच शाळेत त्यांनी शिकविलेही. येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. सुप्रसिद्ध चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर यांचाही जन्म १८६७ सालचाच, आणि त्यांचेही शिक्षण त्याच कलाशाळेत झाले. धुरंधर तिथेच रमले, वाढले आणि मोठ्या पदाला पोहोचले. सातवळेकरांच्या हातातही तीच विद्या होती, तेच पदक होते. त्यांनी तोच रस्ता धरला असता तर त्यांचे नाव आज चित्रकलेच्या इतिहासात वाचावयास मिळाले असते, यात मला तरी शंका वाटत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी ते हैदराबादेत आले ते चित्रकार म्हणूनच. त्या काळी व्यक्तिचित्रणाला मागणी होती ती संस्थानांत. जहागीरदार, नबाब, सावकार यांना आपली तैलचित्रे दिवाणखान्यात लावण्याची हौस होती आणि कॅमेऱ्याने ती हौस अजून पुरती गिळलेली नव्हती. निजामाची राजधानी ही अशा चित्रकाराला पोट भरण्यास उत्तम जागा. सातवळेकरांनी येथे चित्रशाळा थाटली, आणि ती चांगली चालली. माणूस तिशी ओलांडलेला, हाताला यश, गाठीला पैसा. सर्वसाधारण कर्त्या पुरुषाची कहाणी येथे स्थिरावते आणि पुढे मुलांच्या मुंजी व मुलींची लग्ने यांच्या यादीत विरून जाते.

त्यांची कहाणी स्थिरावली नाही, याला हे शहरही काही अंशी कारणीभूत आहे. सुलतान बाजार आणि त्याच्या आसपासचा रेसिडेन्सीचा भाग हा तेव्हा नव्या विचारांचा अड्डा होता. आर्यसमाजाची शाखा येथे १८९२ पासून होती. लहानपणी घरात ऐकलेल्या मंत्रांना अर्थ असतो आणि तो ज्याचा त्याने शोधायचा असतो, ही जाणीव सातवळेकरांना या वातावरणात झाली. दयानंदांचे ग्रंथ त्यांनी अभ्यासिले, त्यांच्या लेखनाचे मराठी भाषांतरही केले. पुढे त्या समाजाच्या सर्वच मतांशी ते बांधील राहिले नाहीत. परंतु चित्रशाळेतला वेळ कमी कमी होत गेला आणि वेदाध्ययनाचा वाढत गेला, तो याच शहरात. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक या मंडळींनी जी विवेकवर्धिनी शाळा उभी केली, तिच्या आरंभीच्या खटाटोपात सातवळेकरांचाही हात होता. ज्या शाळेने हैदराबादेतल्या मराठी मुलांच्या पिढ्यांमागून पिढ्या घडविल्या, तिच्या पायाभरणीत हा चित्रकार होता, एवढे तरी आपण विसरू नये.

मग सरकारची नजर वळली. अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातले पहिले सूक्त हे पृथ्वीविषयीचे, त्रेसष्ट मंत्रांचे सूक्त आहे. भूमी ही माता आणि आपण तिची लेकरे हा त्याचा गाभा. सातवळेकरांनी त्याचे विवरण ‘वैदिक राष्ट्रगीत’ या नावाने केले. वंगभंगाच्या चळवळीने देश तापलेला असताना हे नाव देणे म्हणजे काय, हे सरकारला कळायला संस्कृत येण्याची गरज नव्हती. पुस्तक जप्त झाले. हैदराबाद सोडावे लागले. १९०८ साली कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकात वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवरील त्यांचा लेख आला, त्यावर राजद्रोहाचा खटला झाला, संपादक प्राध्यापक विजापूरकर यांना कारावास भोगावा लागला, आणि लेखक म्हणून सातवळेकरांनाही अटक झाली. वेदमंत्रांच्या अर्थासाठी हातात बेड्या पडाव्यात, हे आजच्या तरुणांना चमत्कारिक वाटेल. पण त्या दशकात गणपतीच्या मेळ्यांतल्या पदांवरही पोलिसांचे लक्ष होते, हे ध्यानात घ्यावे.

मधली काही वर्षे मी झपाट्याने ओलांडतो. हरिद्वारजवळचे कांगडी गुरुकुल, मग लाहोर. लाहोरात पुन्हा चित्रशाळा, पुन्हा चांगली मिळकत, पुन्हा पोलिसांचा ससेमिरा. १९१८ साली औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना आपल्या संस्थानात बोलाविले.

येथे क्षणभर थांबून वयाचा हिशोब करू. हैदराबाद सुटले तेव्हा ते चाळिशीचे होते. औंधला आले तेव्हा पन्नाशी पुरी झालेली होती. त्या काळच्या हिंदी माणसाच्या आयुर्मानाचा विचार केला, तर पन्नास हे निवृत्तीचेच वय. शास्त्रही वानप्रस्थाची भाषा बोलते. सातवळेकरांच्या ज्या कामाबद्दल आपण आज त्यांचे नाव घेतो, ते जवळजवळ सगळे काम या वयानंतरचे आहे.

औंध हे सातारा भागातले चिमुकले संस्थान. पण राजा गुणांचा पारखी. बाळासाहेब स्वतः चित्रे काढीत, कीर्तन करीत, सूर्यनमस्कारांचा प्रसार करीत. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कारखान्यासाठी माळरान दिले ते याच राजाने, आणि महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला मोठे साहाय्य केले तेही यानेच. एकीकडे लोखंडी नांगर, दुसरीकडे महाभारत. त्या छत्राखाली सातवळेकरांनी ‘स्वाध्याय मंडळ’ स्थापिले. आपला छापखाना काढला, ‘भारत मुद्रणालय’. हिंदीत ‘वैदिक धर्म’ आणि मराठीत ‘पुरुषार्थ’ अशी मासिके चालविली. संस्कृत घरबसल्या शिकता यावे म्हणून पाठमाला लिहिली. त्या पाठांवर संस्कृत शिकलेली माणसे आजही देशभर भेटतात, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांना लेखकाचे नावही ठाऊक नसते.

परंतु मला विशेष बोलायचे आहे ते संहितांच्या मुद्रणाविषयी. आपण ग्रंथालयाची माणसे आहोत. पुस्तक तयार होते कसे, याचे कुतूहल आपल्याला असावयास हवे.

वेदाचा मजकूर छापणे आणि साधा संस्कृत श्लोक छापणे यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. वेदात प्रत्येक अक्षराला स्वर असतो. ऋग्वेदाच्या पद्धतीत अनुदात्ताखाली आडवी रेघ, स्वरितावर उभी रेघ, आणि उदात्त मोकळा. सामवेदात रेघांऐवजी अक्षरांच्या डोक्यावर आकडे. मैत्रायणी आणि काठक या संहितांत उभी रेघ उदात्तावर येते, म्हणजे ऋग्वेदातल्या सवयीने वाचणारा हमखास फसणार. आता शिशाच्या खिळ्यांचा छापखाना डोळ्यांसमोर आणा. देवनागरीत आधीच काना, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरे. जुळाऱ्यासमोरची खण असलेली पेटी इंग्रजीच्या कितीतरी पट मोठी. त्यात खालची रेघ आणि वरची रेघ आली की, प्रत्येक खिळा निरनिराळ्या रूपांत लागतो. एक रेघ एक अक्षर सरकली तर शब्द तोच राहतो, अर्थ मात्र पालटतो. त्वष्ट्याची कथा आपल्याला ठाऊक आहेच. ‘इंद्रशत्रु’ या समासातला स्वर चुकला, आणि इंद्राला मारणारा जन्माला यायचा तो इंद्राकडून मारला जाणारा जन्माला आला. व्याकरणकारांनी ही कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली ती पाठ करणाऱ्यांना धाक बसावा म्हणून. ती छापखान्याच्या भिंतीवरही लिहून ठेवण्यासारखी आहे.

ऋग्वेदाची सूक्ते १०२८, मंत्र दहा हजारांहून अधिक. त्यातल्या प्रत्येक मंत्राची मुद्रिते स्वरांसकट तपासायची. केवळ विद्वत्तेने हे काम होत नाही. डोळा लागतो, बैठक लागते, आणि कालची चूक आज पुन्हा दिसली तरी न चिडण्याची वृत्ती लागते. मला नेहमी वाटते, हा डोळा त्यांना चित्रकलेने दिला. ज्याने वर्षानुवर्षे चेहऱ्यावरची छाया केसभर इकडची तिकडे होऊ दिली नाही, त्याला अनुदात्ताची रेघ सरकलेली दिसणारच. कुंचला त्यांनी बाजूला ठेवला खरा, पण कुंचल्याने शिकविलेले टाकून दिले नाही.

चारही वेदांच्या संहिता त्यांनी अशा रीतीने प्रकाशात आणल्या. मैत्रायणी आणि काठक या संहिता त्यापूर्वी छापल्या होत्या त्या जर्मनीत, श्रोडर या पंडिताने. येथल्या वैदिकाला किंवा शाळामास्तराला त्या मिळणार कोठून, आणि परवडणार कशा? औंधहून त्या निघाल्या १९४० नंतरच्या दोनतीन वर्षांत. महायुद्ध पेटलेले, कागदाची टंचाई, आणि संपादक पंचाहत्तरीचा. ‘दैवत संहिता’ ही त्यांची आणखी एक कल्पना. ऋग्वेदाची मधली मंडले ऋषींच्या कुळांप्रमाणे लावलेली आहेत: गृत्समदांचे एक, विश्वामित्रांचे एक, मग वामदेव, अत्री, भरद्वाज, वसिष्ठ. ज्या घराने जे जपले ते त्या घराच्या नावावर. सातवळेकरांनी हा क्रम मोडून अग्नीचे सारे मंत्र एकत्र, इंद्राचे एकत्र, सोमाचे एकत्र अशी मांडणी केली. घराण्यांच्या ठेवी उघडून त्यांचा एक सार्वजनिक ग्रंथसंग्रह करावा, तसेच हे झाले. आपल्यापैकी ज्यांनी पुस्तकांचे विषयवार वर्गीकरण केले आहे, त्यांना त्यातले कष्ट सांगावयास नकोत.

त्यांचे सगळेच मला पटते असे नाही, आणि आजच्या व्यासपीठावरून केवळ स्तुती करावी अशी आयोजकांची अपेक्षाही नसेल. अर्थ लावताना पंडितजींची लेखणी पुष्कळदा विसाव्या शतकाच्या गरजांकडे झुकते. मंत्रात ‘राष्ट्र’ हा शब्द आला की त्यांना स्वराज्याची चळवळ दिसते, मरुतांचे गण आले की शिस्तबद्ध सेना दिसते. ऐतिहासिक पद्धतीने वेद वाचणारे अभ्यासक हे मान्य करीत नाहीत, आणि माझ्या मते त्यांचा आक्षेप बरोबर आहे. त्यांचे भाष्य हे त्यांच्या काळाचा दस्तऐवज म्हणून वाचावे. संहितेची छापील प्रत मात्र निराळी गोष्ट. भाष्याशी भांडणारे अभ्यासकही पाठासाठी औंधची प्रत उघडतात. आणि वेदांचा अभ्यास ही एका जातीची मिरास नव्हे, तो ज्याला हवा त्याला आपल्या भाषेत मिळाला पाहिजे, या आग्रहाने त्यांनी मराठी आणि हिंदीत जे लिहिले, त्याचे मोल आक्षेपांनी कमी होत नाही.

आता १९४८. तीस जानेवारीला गांधीजींची हत्या झाली आणि दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर जाळपोळीचे संकट आले. सातारा भागात त्याची झळ मोठी होती. तीस वर्षांचे औंध सुटले. संस्थानही नुकतेच विलीन होत होते, आणि आश्रयदाता राजा राजा राहिला नव्हता. पंडितजी तेव्हा ऐंशी वर्षांचे होते. या वयात माणसाला घरातल्या घरात खोली बदलणे जिवावर येते. त्यांनी छापखाना, ग्रंथ, हस्तलिखिते यांसह बिऱ्हाड हलविले ते वापी आणि वलसाड यांच्यामधल्या पारडीला, आणि तेथे स्वाध्याय मंडळ पुन्हा उभे केले. मुद्रिते पुन्हा तपासली जाऊ लागली. त्यानंतर ते वीस वर्षे जगले आणि काम करीत राहिले.

चाळीस, पन्नास, ऐंशी. एका आयुष्यात तीन वेळा मांडलेला संसार मोडला आणि तीन वेळा मांडला. या ठिकाणी एक गोष्ट बोलल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. कर्ता पुरुष घर उचलतो तेव्हा ते एकट्याने उचलीत नाही. हैदराबादची चुल विझवून लाहोरला पेटवायची, तिथली विझवून औंधला, हे काम ज्या हातांनी होते त्यांच्या वाट्याला चरित्रग्रंथांत दोनतीन ओळींपलीकडे काही येत नाही. तैलचित्रांच्या मिळकतीवर चाललेले घर एका माणसाच्या निश्चयाने मासिकाच्या वर्गणीवर आले, तेव्हा त्या घराला कोणी विचारले होते का? आपल्या आजोबांच्या बाबतीतही हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. भक्ती मोठी खरी. पण तिचा खर्च बहुधा सगळ्या घराकडून वसूल होतो. पंडितजींचा थोरपणा मान्य करूनही हा खर्च जमाखर्चाच्या वहीत मांडलाच पाहिजे.

त्याच वहीत जमेच्या बाजूला एक नोंद आहे, आणि ती मला फार बोलकी वाटते. बापाने ज्या कलेला रामराम ठोकला, तीच कला मुलाने उचलली. त्यांचे चिरंजीव माधव सातवळेकर हे जे. जे. मध्ये शिकले, १९३७ नंतर युरोपात जाऊन त्यांनी चित्रकलेचे पुढील शिक्षण घेतले, आणि पुढे ते महाराष्ट्राचे कलासंचालक झाले. पहाटेपासून वेदपठण आणि सूर्यनमस्कार ज्या घरात चालत, त्या घरातला मुलगा फ्लॉरेन्स, लंडन आणि पॅरिसला चित्रे शिकावयास गेला. वेदाच्या छापखान्यात त्याला जुंपण्याचा मोह किती कर्त्या पुरुषांना आवरला असता? आपल्या माहितीतली घरे आठवून पाहावीत.

धर्मनिष्ठा म्हणजे काय, याविषयी पंडितजींच्या शंभर वर्षांतून जे दिसते ते असे: व्यायाम, संध्या, लेखन आणि छापखाना यांत त्यांनी पवित्र-अपवित्राचा भेद केला नाही. आसने आणि ‘सूर्यभेदन व्यायाम’ यांवर त्यांनी पुस्तके लिहिली, ती वेदभाष्याच्याच यादीत छापली. शाईने काळा झालेला हात आणि आचमनाचा हात एकच. देवघरात दोन तास बसणाऱ्या आणि कचेरीत गेल्यावर दोन तास चहा पिणाऱ्या भाविकांची आपल्याकडे वाण नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

१९६८ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी जुलैअखेर पारडीला त्यांनी देह ठेवला. शंभराव्या वर्षी सन्मान देण्याची आपली राष्ट्रीय सवय तेव्हाही होतीच.

शेवटी एक कामाची गोष्ट सांगतो आणि आपली रजा घेतो. औंधला छापलेल्या संहितांच्या प्रती आणि ‘पुरुषार्थ’चे जुने अंक शहरातल्या काही घरांत अजून असतील. युद्धकाळातला कागद ठिसूळ असतो. त्या प्रती उलगडताना पानांचे कोपरे हातात येतात. ज्यांच्या माळ्यावर वा देवघराच्या फडताळात असे खंड असतील त्यांनी ते रद्दीत जाऊ न देता ग्रंथालयाकडे आणून द्यावेत. बांधणीचा खर्च येईल तो आपण सभासदांनी मिळून करू. आणताना पाने मोजून आणि दोऱ्याने सैल बांधून आणावीत, रबर लावू नये. रबराने कडा तुटतात.